लाल रेघ कुठे जाते

९ जून

ठोकळाबाई,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं उजेडात धरून वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे, म्हणून सांगूनच टाकते.

पत्र कशाला, असं म्हणशील. तुझा नंबर मी रागाच्या भरात पुसला, आणि तो मागायला तुझ्या आईसमोर उभं राहायची माझी छाती नाही. तुझ्या कंपनीचा पत्ता तेवढा त्यांच्या वेबसाइटवर सापडला. वेबसाइट देखणी आहे, पण तळातली अक्षरं मुंगीएवढी. ती तू केलेली नसणार.

काम आहे. आपण दोघींनी ती चिन्हं काढली होती ना, जिना, लिफ्ट, पाणी, चाकाची खुर्ची? त्यांच्या मूळ फाइल्स तुझ्या मशीनवर होत्या आणि मशीन तुझ्याबरोबर गेलं. त्यातली निम्मी चिन्हं तुझी, म्हणून परवानगीही हवी.

मला एक हॉस्पिटल मिळालंय. घाबरू नकोस, आजारी नाही, काम मिळालंय. तू गेल्यावर टाइल्सवाल्यांनी कॅटलॉग काढून घेतला, जिमवाल्यांचं अ‍ॅपही गेलं. हातात उरलं ते या हॉस्पिटलच्या वार्षिक अहवालाचं मुखपृष्ठ. ते द्यायला गेले आणि हरवले. तीन इमारती, तीन वेगळ्या काळात बांधलेल्या, मग कोणीतरी पूल टाकून जोडलेल्या. पहिलीचा दुसरा मजला म्हणजे मधलीचा तिसरा. अधीक्षकबाईंच्या खोलीत पोचले तेव्हा घामाने निथळत होते. तशीच बोलून गेले, “बाई, तुमच्याकडे धडधाकट माणूस आला तरी खोली सापडेपर्यंत आजारी पडेल.”

त्या हसल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, “मग करून दाखवा नीट.”

तर आता दारांवरच्या पाट्या, जमिनीवरच्या खुणा, प्रवेशापाशी टचस्क्रीन, फोनवरचा नकाशा, सगळं माझ्या गळ्यात.

बाकी ऑफिस छान चाललंय. तुझ्या टेबलावर मी एक झाड ठेवलंय. फाइल्स मेलवर पाठव.

भिंगरी

(हे नाव तूच ठेवलंस. आता आईनेही उचललंय.)


२१ जून

ठोकळाबाई,

“फाइल्स जोडल्या आहेत. परवानगी आहे. शुभेच्छा.”

शुभेच्छा! इतकी वर्षं एका खोलीत पाठीला पाठ लावून बसलो, एकमेकींचे डबे खाल्ले, एकमेकींची बिलं वसूल करायला भांडलो, आणि तू मला शुभेच्छा देतेस, एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाला दिल्यासारख्या.

मेलवर लिहीत नाही, कारण मेलला तू लगेच उत्तर देशील आणि ते पुन्हा तीन वाक्यांचं असेल. पत्राला उत्तर द्यायला माणसाला टेबल लागतं, वेळ लागतो.

तू नोकरी घेतलीस याचा मला राग नाही. राग जिन्याचा आहे. पायऱ्या उतरता उतरता म्हणालीस, “अगं, मी सोमवारपासून येणार नाही.” मला वाटलं, दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. तू चपला घालत म्हणालीस, “तुला काम नको असतं, तुला वणवण हवी असते. मला आता एका जागी बसायचंय.” खाली रिक्षा उभी होती. म्हणजे ती आधीच बोलावून ठेवली होतीस.

असो. झाड खरंच ठेवलंय, पण टेबल आता आईच्या गॅलरीत आहे. ऑफिस सोडलं. एकटीसाठी ती खोली फार मोठी वाटायला लागली होती. आई म्हणते, “बाकीच्यांची मुलं कुठेतरी पोचतात, तू मात्र सारखी निघालेलीच.” दिवसभर मी हॉस्पिटलातच असते. त्यांनी मला चादरी ठेवायची खोली दिलीय. या कागदाला साबणाचा वास येत असेल तर तो त्यामुळे.

बसवत नाही गं एका जागी. सकाळी मांडणी उघडते, दोन रेघा ओढते आणि उठते. मग कुठल्या तरी वळणावर जाऊन उभी राहते आणि माणसं बघते. चुकलेला माणूस लांबून ओळखू येतो. आधी वेग कमी होतो, मग हातातला कागद उलटसुलट होतो, मग तो दारावरच्या काकांकडे जातो. काका सगळ्यांना एकच सांगतात, “सरळ जा.” मी म्हटलं, “काका, सरळ तर भिंत आहे.” म्हणाले, “भिंतीपाशी दुसरा माणूस आहे ना, तो सांगेल पुढचं.”

मला एक कल्पना सुचलीय. रंग! प्रत्येक विभागाला एक रंग, आणि दारापासून विभागापर्यंत जमिनीवर त्या रंगाची रेघ. आठ विभाग, आठ रेघा. कोणाला काही विचारायची गरजच नाही. रात्रभर डोळ्यांसमोर रेघाच धावतायत.

भिंगरी


८ ऑगस्ट

ठोकळाबाई,

रेघा झाल्या! फोटो मेलने पाठवले होते, ते तू पाहिलेस. पण समोर उभं राहून बघण्यात गंमत आहे. पांढऱ्या फरशीवर आठ रंग एकमेकांना खेटून निघतात आणि वळणावळणाला एकेक बाजूला होत जातो. अधीक्षकबाई सुद्धा मिनिटभर नुसत्या बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “आमचं हॉस्पिटल आहे का हे?” त्यांनी ते कुठल्याशा स्पर्धेलाही पाठवलंय.

तुझं मेल मिळालं. तुझ्या मानाने कादंबरीच. “सुंदर झालंय. ब्लड बँकेला लाल का? तातडीच्या विभागाला केशरी का?”

अगं, रक्त लाल असतं म्हणून! आणि लाल तिथे गेला म्हणून तातडीला केशरी आला. दाराशी मोठा फलक आहे, कुठला रंग कुठे जातो ते त्यावर लिहिलंय, टचस्क्रीनवरही आहे. माणसं वाचतील की. खोट काढल्याशिवाय तुझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

आणि हो, काल तुझ्या साहेबांचा फोन आला होता. फोटो तूच दाखवलेस ना? नाही म्हणू नकोस, त्यांनी तुझं नाव घेतलं. म्हणाले, “ही पद्धत आपण आणखी हॉस्पिटलांना देऊ. तुम्ही इकडे या, एक अख्खा गट तुमच्या हाताखाली.” माझं टेबल तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर असेल, असंही म्हणाले. मी विचार करून सांगते म्हटलं, पण विचार कसला करायचा? आईला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “निघालीस का पुन्हा?”

जिन्याचा राग तसाच आहे, हे लक्षात ठेव. तो तिथे येऊन काढीन.

सोबत आजचा फोटो छापून पाठवतेय. सकाळी एक माणूस दारातून आत आला, पट्ट्यांचा शर्ट, हातात फोन. फलकाकडे बघितलं नाही, काकांना विचारलं नाही. खाली बघितलं आणि सरळ रेघेवरून पळत सुटला. कोणाला न विचारता! माझ्या हातात कॅमेरा होताच. त्याचे पाय जमिनीवर टेकलेले सुद्धा नाहीत बघ.

भिंगरी


९ ऑगस्ट

कालचं पत्र वाटेत असेल. ते आलं की आतला फोटो फाडून टाक. कोणाला दाखवू नकोस. साहेबांना तर नकोच.

काल पत्र टाकून आले आणि तातडीच्या विभागाकडे गेले, पाटीची उंची तपासायची होती. बाकावर तो बसला होता. तोच पट्ट्यांचा शर्ट. समोर त्याची बहीण उभी होती, रडून चेहरा सुजलेला. ती म्हणत होती, “आजही तुला वेळेवर येता आलं नाही. शेवटपर्यंत विचारत होते ते, आला का, आला का.”

तो म्हणाला, “मी रेघेवरून गेलो.”

तिला काही कळलं नाही. शेजारच्या नर्सलाही कळलं नाही. मला कळलं.

त्याच्या वडिलांना सकाळी आणलं होतं. बहिणीने त्याला फोन केला, इमर्जन्सीला ये. तो दारातून आत शिरला आणि त्याला लाल रेघ दिसली. अशा वेळी लाल रंग दिसला की माणूस दुसरा विचार करतो का? तूही केला नसतास. मीही केला नसता. रेघ तिसऱ्या इमारतीच्या तळघरात जाते, ब्लड बँकेच्या खिडकीपाशी. मी नंतर तिथे जाऊन विचारलं. खिडकीतल्या बाईंना तो आठवत होता. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “कुठला गट हवाय?” तो म्हणाला, “माझे वडील.” त्या पुन्हा म्हणाल्या, “गट कुठला?” तो पुन्हा म्हणाला, “वडील.” मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्याला परत पाठवलं. दोन पूल, तीन जिने. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मी पुढे होऊन काही बोलले नाही. तिथून निघाले आणि चालत राहिले, पहिल्या इमारतीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. कुठे थांबताच येईना. खाली बघितलं की रेघा.

आज सकाळी अधीक्षकबाईंना सांगितलं, रेघा पुसायच्या. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, “हे बघा, ते गृहस्थ वाचण्यातले नव्हते. मुलगा वेळेवर आला असता तरी काही फरक पडला नसता.”

मी म्हटलं, “वाचवायचं कोण म्हणतंय? भेटायचं होतं त्याला.”

त्यांनी दार पुन्हा उघडलं. समितीपुढे ठेवते म्हणाल्या.

तू विचारलं होतंस, लाल का. मी थट्टा केली.


२ सप्टेंबर

ठोकळे,

‘मी म्हटलं होतं ना’ असं तू लिहिलं असशील, म्हणून मी तुझं मेल दिवसभर उघडलंच नाही. उघडलं तर एकच ओळ. “आता काय करणार आहेस?” त्या ओळीपायी मी चादरींच्या ढिगावर बसून रडले. धुतलेल्या होत्या, पुन्हा धुवायला द्याव्या लागल्या.

काय केलं ते सांगते. समितीत मोठा गदारोळ झाला. एकजण म्हणाले, स्पर्धेचा निकाल तरी लागू द्या. दुसरे म्हणाले, फक्त लाल आणि केशरीची अदलाबदल करा, झालं. मी म्हटलं, अदलाबदल केली तर रक्त आणायला निघालेला माणूस चुकेल. आणि आठ रंग कोणाच्या लक्षात राहत नाहीत. हे मी आधी कोणालाच विचारून बघितलं नव्हतं, मला फक्त ते दिसायला आवडलं होतं. शेवटी अधीक्षकबाई म्हणाल्या, “पुसा. पण पुन्हा रंगवाल ते आधी कागदावर करून दाखवा.”

रंग निघता निघत नाही. मशीन लावावं लागतं, वर खरडावं लागतं. कामगारांबरोबर मीही गुडघ्यांवर बसते. जिथून रेघ गेली तिथली फरशी जरा जास्त पांढरी राहते.

तुझ्या साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते नीट ऐकून घेतात हे कबूल. मग म्हणाले, “एका माणसाचं झालं म्हणून पद्धत वाईट ठरत नाही. फोटो फार बोलके आहेत. तो प्रसंग आपण मांडणीत घेऊ नये, एवढंच.” मी म्हटलं, “तोच तर मांडायचाय.” मग ते म्हणाले, कळवतो. कळवलं नाही. आता कळवणारही नाहीत. तुझ्या शेजारचं टेबल दुसऱ्या कोणाला तरी मिळेल. तो खाताना आवाज करणारा नसू दे.

आता सगळीकडे कागद चिकटवलेत, जाड मार्करने लिहिलेले. रोज सकाळी लावते, लोक कसे चालतात ते बघते, संध्याकाळी बदलते. कोणी चुकलं की मी मागे धावते, “थांबा, तुम्ही इथे का वळलात?” एका आजींनी मला काठी दाखवली. म्हणाल्या, “वळले तर वळले, तुझ्या बापाचं काय गेलं?”

पण सापडतंय गं काहीतरी. रंग नको, नावंही फार नकोत. नुसता आकडा. प्रत्येक दाराला एक मोठा आकडा, आणि रुग्णाच्या चिठ्ठीवर, फोनवर तोच आकडा. काकासुद्धा आता ‘सरळ जा’ न म्हणता ‘चाळीस बघत जा’ म्हणतात.

एक अडचण आहे. लांबून १ आणि ९ सारखेच दिसतात. कालपासून त्यावर डोकं फोडतेय.

भिंगरी


१७ ऑक्टोबर

अगं ए,

मी मागितले नव्हते. तू न सांगता अख्खे आकडे काढून पाठवलेस, शून्य ते नऊ. एकच्या शेपटीला सरळ खाली सोडलंस आणि नऊचं पोट असं उघडं ठेवलंस की आंधळाही चुकणार नाही. मी ते पुलाच्या टोकाला लावून दुसऱ्या टोकाला जाऊन बघितले. परत आले. परत जाऊन बघितले. सोबत एक शब्दही लिहिला नव्हतास. बरं केलंस.

आता सगळ्या दारांवर तुझे आकडे आहेत. फोटो काढून काही उपयोग नाही, फोटोत नुसत्या पांढऱ्या पाट्या दिसतात. रक्त न्यायला येणाराही आता चिठ्ठीवरचा आकडा बघत जातो, म्हणून पूर्ण हॉस्पिटलात जमिनीवर नव्याने आखलेली एकच रेघ आहे. लाल. ती तातडीच्या विभागात जाते, दुसरीकडे कुठेही नाही.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. तो आला होता.

वडिलांच्या मृत्यूचा दाखला न्यायला. आधी मी खांबामागे झाले, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, आता नाही तर कधीच नाही. त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, “त्या दिवशीची लाल रेघ मी आखली होती. तुमची चूक नव्हती, ती चुकीच्या ठिकाणी जात होती.”

तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने आधी जमिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, “म्हणजे ती खरंच तिकडे जात होती?”

“हो.”

“मला वाटलं, मीच कुठेतरी वळलो. गडबडीत.” मग म्हणाला, “माझं आणि अण्णांचं बोलणं नव्हतं. बरेच दिवस. ताईला वाटतं, मी मुद्दाम रमतगमत आलो. मी पळत आलो होतो हो.”

मी म्हटलं, “मला माहीत आहे. मी बघितलंय.”

त्याने फोन काढला. “तिला सांगाल?”

त्याने लावून दिलेला फोन मी कानाला धरला. पलीकडून आवाज आला, “काय आहे?” मी माझं काम सांगितलं, रेघेचं सांगितलं, ब्लड बँकेच्या खिडकीचं सांगितलं. मग मी सांगितलं की माझ्याकडे त्याचा त्या दिवशीचा फोटो आहे आणि त्यात तो धावतोय. तुला फाडायला सांगितला, पण माझ्याजवळचा मला फाडवला नव्हता.

ती म्हणाली, “पाठवा मला.”

मी पाठवला. तो शेजारीच उभा होता, पण त्याने बघायला मागितला नाही. फोन खिशात घातला, दाखला घडी करून ठेवला, मान हलवली आणि गेला. थोड्या वेळाने खिडकीतून खाली बघितलं तर तो फाटकाशी उभा राहून फोनवर बोलत होता. ऐकू काही आलं नाही. बराच वेळ बोलत होता एवढं मात्र खरं.

भिंगरी


५ डिसेंबर

प्रिय ठोकळे,

यावेळी खोडलं नाही.

तुझं पत्र मिळालं. खरंखुरं, कागदावरचं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, समास सोडलेला. मध्ये एका चिठ्ठीत मी विचारलं होतं, परत येतेस का, पुन्हा एकत्र काम करू. तू नाही म्हणालीस आणि का ते नीट सांगितलंस. तुला तिथे ठरलेल्या वेळी घरी जाता येतं, झोप लागते, खिडकीत कबुतरं येतात ती आता तुला ओळखतात. रिक्षा आधी बोलावली होती, कारण मला समोर बसवून सांगितलं असतं तर तुला जाववलं नसतं, हेही लिहिलंस. वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं वाटलं, बरं झालं सांगितलंस.

तर तू बस तिथेच. मी निघाले.

अधीक्षकबाईंच्या भावाने शब्द टाकला, आणि मला कोर्टाच्या इमारतीचं काम मिळालंय. आज पहिला दिवस होता. इतकी भयंकर इमारत मी जन्मात पाहिली नाही. दारांवर आकडे आहेत, पण बाराच्या शेजारी एकतीस. मी पायऱ्यांवर उभी राहून, कुठून सुरुवात करावी याचा विचार करत होते, तेवढ्यात एक जोडपं धापा टाकत आलं. मुलीचे केस विस्कटलेले, मुलाच्या कोटाला किमतीची चिठ्ठी तशीच.

मुलगी म्हणाली, “अहो, इथे लग्न कुठे लावतात?”

मी म्हटलं, “मलाही माहीत नाही. मीही आजच आले. चला, शोधू या.”

दोन मजले चढलो, एक उतरलो. मुलगा चुकून एका खटल्यात जाऊन बसला, तिथून त्याला ओढून काढलं. शेवटी मागच्या अंगाला, जिन्याखाली, विवाह नोंदणीची खोली सापडली. आतल्या साहेबांनी घड्याळ बघितलं आणि साक्षीदार मोजले. एक कमी. मुलाचा मित्र सकाळीच इमारतीत शिरला होता, पण फोन लागत नव्हता. मुलगी रडकुंडीला आली.

“मी करते सही,” मी म्हटलं. साहेब म्हणाले, “तुम्ही ओळखता यांना?” मुलगी म्हणाली, “ओळखतात की! केव्हाचे फिरतोय आम्ही बरोबर.”

लग्न लागलं. दोघं एकमेकांकडे बघून हसत बसले होते, आणि मग मुलाला एकदम आठवण झाली. “अरे, पण तो आहे कुठे?”

म्हटलं, तुम्ही बसा. पर्समधून मार्कर काढला आणि निघाले त्याला शोधायला.

तुझी,
भिंगरी